शोस्ताकोविचच्या रचना कशा संपतात?

धागालेखक

रशियन संगीतकार दिमित्री शोस्ताकोविचची चौथी सिंफनी (संपूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) ज्यांनी पूर्ण ऐकली आहे, त्यांना तिची अखेरची काही मिनिटे विसरता येणार नाहीत. शंभराहून अधिक वादकांचा वाद्यवृंद जवळजवळ तासभर सर्व शक्तीनिशी वाजतो, शेवटाजवळ पितळी वाद्ये विजयाची घोषणा करावी तशी गर्जतात, आणि नेहमीच्या सवयीने आपण टाळ्यांसाठी हात उचलणार एवढ्यात ती गर्जना कोसळते. उरतो तो फक्त खालच्या तारवाद्यांनी धरून ठेवलेला एकच स्वर, तंबोऱ्याच्या खर्जासारखा, त्यावर टिंपनी या नगाऱ्यांचे दबके ठोके आणि अगदी शेवटी चेलेस्टा या घंटीसारखे वाजणाऱ्या पट्टीवाद्याचे मोजके, थंड, काचेसारखे स्वर. रचना संपली की थांबली, हे पहिल्या वेळी मला कळलेच नव्हते.

शोस्ताकोविचने पंधरा सिंफनी आणि पंधरा स्ट्रिंग क्वार्टेट (चार तारवाद्यांसाठीच्या रचना) लिहिली. त्याशिवाय ऑपेरा, कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांसाठीची रचना), पियानोसाठी प्रेल्युड आणि फ्यूग (प्रारंभिका आणि एकाच धूनेचा अनेक स्वरओळींत पाठलाग करणारी रचना), चित्रपटांचे संगीत असा त्याच्या कामाचा पसारा मोठा आहे. त्याच्याविषयी बोलताना बहुतेक वेळा चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते, तो प्रश्न म्हणजे तो सोव्हिएत राजवटीच्या बाजूचा होता की मनातून विरोधक होता. या प्रश्नाचे महत्त्व मला मान्य आहे, परंतु त्यामुळे प्रत्येक रचनेत गुप्त संदेश शोधण्याची सवय लागते आणि प्रत्यक्ष संगीत ऐकायचे राहून जाते, असे माझे मत आहे. म्हणून त्याच्या प्रमुख रचनांकडे एका साध्या, कानाला पडताळता येणाऱ्या बाजूने पाहावे, असे मी सुचवतो, आणि ती बाजू म्हणजे त्या रचना संपतात कशा. माझे म्हणणे असे आहे की त्याच्या मोठ्या आवाजातल्या शेवटांविषयी लोक आजही वाद घालतात, पण त्याच्या मावळत जाणाऱ्या शेवटांविषयी कोणाला शंका येत नाही, आणि तेथेच तो सर्वांत मोकळेपणाने बोलतो.

चौथ्या सिंफनीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. १२ मे १९२६ रोजी लेनिनग्रादमध्ये निकोलाय माल्कोच्या संचालनाखाली पहिली सिंफनी वाजली, तेव्हा शोस्ताकोविच एकोणीस वर्षांचा होता आणि ती त्याची अभ्यासक्रम पूर्ण करताना सादर केलेली रचना होती. त्या काळात घर चालवण्यासाठी तो मूकपटांना पियानोची साथ करत असे. १९३४ मध्ये ‘म्त्सेन्स्कची लेडी मॅकबेथ’ हा त्याचा ऑपेरा आला आणि दोन वर्षे गाजत राहिला. जानेवारी १९३६ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोई रंगमंदिरात तो पाहायला स्टालिन आला आणि शेवट न पाहताच निघून गेला. २८ जानेवारीच्या ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्रात ‘संगीताऐवजी गोंधळ’ या मथळ्याखाली निनावी लेख छापून आला आणि हा खेळ फार वाईट रीतीने संपू शकतो, असा इशारा त्यात होता. शोस्ताकोविचने हा अंक अर्खांगेल्स्कला कार्यक्रमासाठी गेला असताना विकत घेतला. त्या वेळी तो चौथी सिंफनी लिहीत होता. ती त्याने पूर्ण केली, तालमीही सुरू झाल्या, आणि डिसेंबर १९३६ मध्ये ती मागे घेण्यात आली. पुढची पंचवीस वर्षे ती वाद्यवृंदाने वाजवली नाही. ३० डिसेंबर १९६१ रोजी किरिल कोंद्राशिनने मॉस्कोत ती प्रथम सादर केली.

ती मागे घेतल्यानंतर आली ती पाचवी. २१ नोव्हेंबर १९३७, लेनिनग्राद, संचालक येव्गेनी म्राविन्स्की. त्याच वर्षी जूनमध्ये शोस्ताकोविचचा हितचिंतक मार्शल तुखाचेव्स्की याला गोळ्या घालण्यात आल्या होत्या, आणि स्टालिनच्या दडपशाहीत सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरातले कोणी ना कोणी नाहीसे झालेले होते. तिसऱ्या, संथ भागात लोक उघडपणे रडले. टाळ्या अर्ध्या तासाहून अधिक वेळ चालल्या आणि म्राविन्स्कीने स्वरलिपीची प्रत डोक्यावर उंच धरली. या सिंफनीचा शेवट डी मेजर या उजळ स्वरव्यवस्थेत, झगझगीत आणि मोठ्या आवाजात होतो. तो खरा आनंद आहे की हुकमावरून केलेला, यावर आजही एकमत नाही.

मला मात्र थांबावेसे वाटते ते आठव्या क्वार्टेटपाशी. जुलै १९६० मध्ये ड्रेस्डेनजवळच्या गोरिश या गावी, एका युद्धपटाच्या संगीतासाठी गेलेला असताना, शोस्ताकोविचने ते १२ ते १४ जुलै अशा तीन दिवसांत लिहिले. त्याच सुमारास त्याला पक्षाचे सदस्यत्व घ्यावे लागले होते. छापील अर्पण ‘फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना’ असे आहे. परंतु आयझाक ग्लिकमन या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले की आपण गेल्यावर आपल्या स्मृतीसाठी कोणी काही रचील असे वाटत नाही, म्हणून ते काम आपणच करून ठेवले आहे. हे क्वार्टेट त्याच्या स्वतःच्या नावाच्या स्वरांनी सुरू होते. जर्मन पद्धतीने त्याचे नाव लिहिले तर पहिली अक्षरे डी, एस, सी, एच अशी येतात, आणि जर्मन स्वरनामांत ‘एस’ म्हणजे कोमल ई, तर ‘एच’ म्हणजे शुद्ध बी. या चार स्वरांभोवती पहिली सिंफनी, दुसरी पियानो त्रयी, पहिला चेलो कॉन्चेर्टो, ‘लेडी मॅकबेथ’ यांतले तुकडे येऊन जातात, जणू कोणी घर सोडण्यापूर्वी एकेका खोलीत डोकावून पाहावे. चौथ्या भागात एका लांब धरलेल्या स्वरावर तीन जोरदार आघात पुन्हा पुन्हा येतात. कोणाला ते दारावरची थाप वाटतात, कोणाला बॉम्ब. पाच भाग न थांबता सलग वाजतात आणि शेवटी तेच चार स्वर एकमेकांत गुंफत, हळूहळू क्षीण होत जातात. स्वरलिपीत तेथे ‘मोरेंदो’ असा शब्द आहे, म्हणजे विझत, मावळत जाणारे. हा शब्द त्याच्या उत्तरकाळातल्या कितीतरी रचनांच्या शेवटी येतो.

आपणांपैकी ज्यांनी या रचना ऐकल्या आहेत त्यांचा अनुभव काय आहे, आणि विशेषतः माझे म्हणणे कोठे टिकत नाही, हे वाचायला मला आवडेल.

प्रतिसाद १

लेख मनापासून आवडला, परंतु पाचव्या सिंफनीच्या शेवटाला आपण फार लवकर बाजूला सारले आहे, असे वाटते. त्या शेवटाविषयीचा वाद हा राजकीय अर्थाचा वाद म्हणून सांगितला जातो, पण त्याचे मूळ बऱ्याच अंशी लयीत आहे. जुन्या-नव्या छापील आवृत्त्यांमध्ये लयीचा आकडा कोणत्या स्वरमूल्याला लावायचा याबाबत फरक आहे, आणि त्यामुळे एक संचालक ज्या गतीने वाजवतो त्याच्या जवळजवळ निम्म्या गतीने दुसरा वाजवू शकतो. लेनर्ड बर्नस्टाइनने १९५९ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक घेऊन मॉस्कोत ही सिंफनी वाजवली, तेव्हा स्वतः शोस्ताकोविच श्रोत्यांत होता. बर्नस्टाइनचा शेवट धावता आहे आणि तो ऐकताना खरोखर उत्साह वाटतो. रोस्त्रोपोविचच्या संचालनात तीच पाने इतकी जड आणि सावकाश वाजतात की तारवाद्यांनी पुन्हा पुन्हा घासलेला तो एकच ए स्वर कानावर घाव घातल्यासारखा बसतो.

माझ्या मते संदिग्धता हाच त्या शेवटाचा गुण आहे. जो शेवट दोन विरुद्ध अर्थ पेलतो आणि दोन्ही वेळा श्रोत्याला हलवतो, तो मावळत्या शेवटापेक्षा कमी प्रामाणिक कसा म्हणता येईल?

प्रतिसाद २

मी हिंदुस्थानी संगीताचा विद्यार्थी आहे आणि पाश्चात्त्य स्वरलिपी मला वाचता येत नाही, तरीही धागा वाचून ते चार स्वर मी पेटीवर वाजवून पाहिले. सफेद एकला षड्ज मानले तर ते रिषभ, कोमल गंधार, षड्ज आणि मंद्र शुद्ध निषाद असे होतात. किरवाणीत हे चारही स्वर सापडतील, परंतु किरवाणीचा विस्तार मात्र येथे कोठेच नाही. पेटीच्या सलग पाच पट्ट्यांच्या आत हे सगळे स्वर बसतात, मधली कोमल रिषभाची एक पट्टी तेवढी मोकळी राहते, आणि हात जागचा जवळजवळ हलवावाच लागत नाही. एखाद्या माणसाने आपले नाव एवढ्या आखडलेल्या जागेत लिहावे, ही गोष्ट मला फार बोलकी वाटली. निषादावर येऊन थांबल्यामुळे षड्जाची ओढ तशीच शिल्लक राहते, हेही जाणवले.

माझी अडचण अशी आहे की सतत वाजणारा षड्ज नसल्यामुळे मोठ्या सिंफनीत मी हरवून जातो. आमच्यासारख्या श्रोत्याने कोणत्या रचनेपासून सुरुवात करावी?

प्रतिसाद ३

सातव्या सिंफनीचा, म्हणजे ‘लेनिनग्राद’चा उल्लेख मूळ लेखात नाही, याचे आश्चर्य वाटले. शेवट मोठ्या आवाजाचा असूनही ज्याच्याविषयी शंका घ्यावी असे मला तरी वाटत नाही, असा तो शेवट आहे, आणि त्याचे कारण ती कोठे वाजली यात आहे.

सिंफनीचे मोठे काम शोस्ताकोविचने १९४१ मध्ये जर्मन सैन्याच्या वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राद शहरात केले. पहिला प्रयोग ५ मार्च १९४२ रोजी कुयबिशेव्ह, म्हणजे आजच्या समारा, येथे झाला. स्वरलिपीची सूक्ष्मफीत तेहरान आणि कैरोमार्गे अमेरिकेत पोहोचली आणि जुलैमध्ये संचालक तोस्कानिनीने ती न्यूयॉर्कहून रेडिओवर सादर केली. पण खुद्द लेनिनग्रादमध्ये ती वाजली ९ ऑगस्ट १९४२ रोजी. शहराचा वेढा एकंदर ८७२ दिवस चालला आणि त्यातला पहिला, सर्वांत भीषण हिवाळा तेव्हा नुकताच सरला होता. कार्ल एलियासबर्गच्या रेडिओ वाद्यवृंदातले कितीतरी वादक उपासमारीने गेले होते. पहिल्या तालमीला पंधराच्या आसपासच माणसे येऊ शकली, आणि फुंकवाद्ये वाजवणाऱ्यांना श्वास पुरत नव्हता. वादकांना जादा शिधा देण्यात आला आणि लष्करी बँडमधले वादक आघाडीवरून बोलावण्यात आले. कार्यक्रमाच्या वेळी जर्मन तोफांनी सभागृहावर मारा करू नये म्हणून जनरल गोवोरोव्हच्या तोफखान्याने आधीच त्यांच्या ठाण्यांवर भडिमार केला. ध्वनिक्षेपकांवरून संगीत साऱ्या शहरात आणि शत्रूच्या खंदकांपर्यंतही ऐकवले गेले. अशा माणसांनी अखेरचा सी मेजर वाजवला, तेव्हा त्याचा अर्थ काय, हे विचारण्याची गरज उरत नाही.

थोडे अवांतर लिहितो. ९ ऑगस्ट १९४२ ही तारीख आपल्याकडे क्रांतिदिन म्हणून पाळली जाते. ज्या दिवशी मुंबईत गवालिया टँक मैदानावर अरुणा असफअलींनी तिरंगा फडकवला, त्याच दिवशी संध्याकाळी लेनिनग्रादमध्ये ही सिंफनी वाजली. शोस्ताकोविचचे निधनही ९ ऑगस्टलाच, १९७५ मध्ये, झाले.

धागालेखक

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार.

प्रतिसाद ३ मधील मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. सातवी मी टाळली, कारण तिच्या पहिल्या भागातले ते प्रसिद्ध संचलन मला फार काळ उथळ वाटत असे. छोट्या ढोलाचा एकच ठेका सुरू राहतो, एक साधी, जवळजवळ शीळ घालण्याजोगी धून एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाते, आणि काहीही न बदलता केवळ आवाज वाढत जातो. राव्हेलच्या ‘बोलेरो’शी तिची तुलना होते, आणि ती ठीकच आहे. परंतु ‘बोलेरो’त वाढत जाणाऱ्या आवाजाचे सुख आहे, आणि येथे तीच वाढ धास्ती निर्माण करते. ती धून मुळात क्षुल्लक असणे आवश्यक होते, हे मला उशिरा उमगले.

प्रतिसाद २ चे पेटीवरचे निरीक्षण फार सुंदर आहे. आपण सुरुवात पहिल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या तिसऱ्या भागापासून करावी, असे मी सुचवेन. त्याला ‘पासाकाल्या’ म्हणतात. चेलो आणि डबल बास एक सतरा मात्राखंडांची धून वाजवतात, आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तबल्याच्या एकल वादनात सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा फिरत राहतो आणि तबलावादक त्यावर आपले काम उभे करतो, तसे येथे व्हायोलिन करते. आपल्याला समेची वाट पाहण्याची सवय असल्यामुळे या भागात आपण हरवणार नाही. धून कधी वरच्या वाद्यांत जाते, कधी स्वतः व्हायोलिनच ती घेते, पण ती सुटत कधीच नाही. शेवटी एकेक वाद्य गळत जाते आणि व्हायोलिन एकटेच उरते. तेथून सुरू होणारे दीर्घ एकल वादन पुढे इतके तापत जाते की चौथा भाग कधी सुरू झाला हे कळत नाही. व्हायोलिनवादक दाविद ओइस्त्राखने शोस्ताकोविचला विनंती केली होती की चौथ्या भागाची सुरुवात वाद्यवृंदाला द्यावी, म्हणजे निदान कपाळावरचा घाम पुसता येईल, आणि ती मान्य झाली. हा कॉन्चेर्टो १९४८ मध्ये पूर्ण झाला, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत पक्षाने प्रोकोफिएव्ह, खाचातुरियन, म्यास्कोव्स्की आणि शोस्ताकोविच या संगीतकारांवर ‘औपचारिकतावादा’चा, म्हणजे आशय सोडून केवळ रूपाच्या मागे लागल्याचा, ठपका ठेवणारा ठराव केला होता. त्यामुळे तो बाजूला ठेवावा लागला आणि १९५५ मध्ये लेनिनग्रादला प्रथम वाजला.

प्रतिसाद १ ला उत्तर देताना मला माझे विधान थोडे मागे घ्यावे लागेल. पाचवीचा शेवट अप्रामाणिक आहे असे मला म्हणायचे नव्हते, तरी लेखातून तसा सूर निघतो, हे खरे. तरीही एक गोष्ट पाहा. त्याच सिंफनीचा पहिला भाग चेलेस्टाच्या चढत्या, एकेका अर्धस्वराने वर सरकणाऱ्या ओळीने संपतो, आणि तिसरा भाग हार्प आणि चेलेस्टाच्या क्षीण स्वरांत विरतो. म्हणजे चौथ्या सिंफनीची ती मागे घेतलेली अखेर त्याने पाचवीच्या आतल्या भागांत ठेवून दिली आहे आणि बाहेरच्या दारावर तेवढे तोरण बांधले आहे.

प्रतिसाद ४

दोन अपवाद नोंदवतो. पहिला, २४ प्रेल्युड आणि फ्यूग. १९५० मध्ये बाखच्या मृत्यूच्या द्विशताब्दीनिमित्त लाइपझिगला झालेल्या स्पर्धेत शोस्ताकोविच परीक्षक होता. तेथे पियानोवादक तात्याना निकोलायेव्हाचे वादन ऐकून त्याला या मालिकेची प्रेरणा मिळाली. शेवटचा फ्यूग डी मायनर या उदास स्वरव्यवस्थेत शांतपणे सुरू होतो आणि दोन विषय एकत्र येत येत डी मेजरच्या प्रचंड नादात संपतो. हा हुकमाचा आनंद नव्हे, कारण पियानोवर एकटा माणूस बसलेला आहे आणि तेथे कोणाची सभा नाही.

दुसरा, १९६९ ची चौदावी सिंफनी, जी त्याने इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनला अर्पण केली. सोप्रानो (उंच स्त्रीस्वर) आणि बास (खर्जातला पुरुषस्वर) हे दोन गायक, तारवाद्ये आणि तालवाद्ये एवढ्याच साधनांत मृत्यूवरच्या अकरा कविता. ती मावळत नाही. एक कर्कश स्वरसमूह वाढत वाढत जातो आणि मध्येच कापल्यासारखा थांबतो. मृत्यूनंतर काही सांत्वन आहे असे दाखवायला त्याने स्पष्ट नकार दिला, असाच मी त्याचा अर्थ घेतो.

प्रतिसाद ५

दहाव्या सिंफनीचेही असेच आहे. ती १७ डिसेंबर १९५३ रोजी, म्हणजे स्टालिनच्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांनी, प्रथम वाजली. तिच्या शेवटी धाग्यात वर्णन केलेले ते चार स्वर टिंपनीवर अक्षरशः ठोकले जातात. आखडलेल्या जागेतले तेच नाव येथे ओरडून सांगितले जाते. दुसऱ्या, जेमतेम चार मिनिटांच्या भागाला स्टालिनचे चित्र म्हणण्याची प्रथा आहे. त्या म्हणण्याचा आधार वादग्रस्त आहे, त्यामुळे मी तो भाग केवळ संतापाचा म्हणून ऐकतो आणि तेवढे पुरते.

धागालेखक

प्रतिसाद ४ आणि ५ मधील तिन्ही उदाहरणे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातात आणि तिन्ही योग्य आहेत. चौदावीचा तो कापलेला शेवट मी विसरायला नको होता. मोठा आवाज म्हणजे मुखवटा असे समीकरण मांडता येत नाही, हे या चर्चेतून मला पटले. मावळत्या शेवटांविषयी मला जे वाटते त्याचे कारण मात्र दोन रचनांच्या आधारे सांगतो.

पंधरावी सिंफनी त्याने १९७१ मध्ये लिहिली आणि जानेवारी १९७२ मध्ये त्याचा मुलगा माक्सिम याने ती प्रथम संचालित केली. पहिल्या भागात रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेराचा तुकडा अचानक दौडत येतो, शेवटच्या भागात वाग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेरामालिकेतला नियतीचा स्वरसमूह येतो, आणि कोणत्याही उद्धृताचे स्पष्टीकरण दिलेले नाही. अखेरीस तारवाद्ये एक उघडा, तिसरा स्वर नसलेला नाद फार वेळ धरून ठेवतात आणि त्यावर कास्टनेट, वुडब्लॉक, छोटा ढोल यांची टिकटिक सुरू राहते. घड्याळाची म्हणा, किंवा रुग्णालयातल्या यंत्राची. हीच टिकटिक दुसऱ्या चेलो कॉन्चेर्टोच्या शेवटी आणि त्याआधी चौथ्या सिंफनीच्या दुसऱ्या भागाच्या शेवटीही आहे. १९३६ मध्ये जे लिहून कपाटात ठेवावे लागले, ते त्याने पस्तीस वर्षांनी पुन्हा हातात घेतले आणि येथे त्याला घाई नाही. अगदी शेवटच्या क्षणी तो राहिलेला तिसरा स्वर येतो आणि नाद मेजर होतो, पण इतका हलका की लक्ष नसेल तर निसटावा.

दुसरी रचना म्हणजे व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या स्वराचे वाद्य) आणि पियानो यांचा सोनाटा, त्याची अखेरची कृती. बीथोव्हेन क्वार्टेटचा व्हायोलावादक फ्योदोर द्रुझिनिन याला ती अर्पण केली आहे, आणि जुलै १९७५ मध्ये ती पूर्ण झाल्यानंतर काही आठवड्यांतच शोस्ताकोविच गेला. ती मोकळ्या तारा बोटाने छेडून सुरू होते, वाद्य लावून पाहावे तशी. तिसऱ्या भागात बीथोव्हेनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा तो परिचित तीन स्वरांचा ठोका पियानोवर येत राहतो, पण ओळखीच्या जागी पोहोचण्यापूर्वी प्रत्येक वेळी वळण घेतो. संगीत उजळ आणि स्वच्छ आहे, असे शोस्ताकोविचने द्रुझिनिनला सांगितले होते. प्रथम ऐकताना मला त्यात उजेड दिसला नव्हता. नंतर एकदा रात्री दिवा मालवून, शेवटची दोन मिनिटे तेवढीच पुन्हा पुन्हा लावली. पियानोचे स्वर एकेक करून थांबतात, व्हायोलाचा गज तारेवर इतका सावकाश सरकतो की स्वरासोबत केसांची घासही ऐकू येते, खाली सी मेजर आहे, आणि कागदावर पुन्हा तोच शब्द आहे, मोरेंदो.

ज्यांना एकच रचना ऐकण्याइतका वेळ आहे, त्यांनी ही ऐकावी. दोनच वादक असल्यामुळे प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांनाही येथे हरवण्याची भीती नाही.

प्रतिसाद ६ (प्रतिसाद २ चे लेखक)

आपण सुचवल्याप्रमाणे पासाकाल्या ऐकले. पहिल्या वेळी धून मोजण्यातच लक्ष गेले, दुसऱ्या वेळी मोजणे आपोआप सुटले. समेवर येण्याऐवजी व्हायोलिन अनेकदा तिच्या वरून निघून जाते, पण खालचा लेहरा तिची वाट पाहत थांबत नाही, तो आपला पुढे जातो, आणि त्या दोघांमधले अंतर ऐकू येते. सोनाटा आज रात्री ऐकेन.